सरकारांचं रिकामं टेबल

सासूबाईंना घरात सगळे ‘सरकार’ म्हणायचे. नाव यजमानांनी ठेवलेलं. यजमान गेले, नाव राहिलं, आणि सरकारांनीही ते कधी खाली पडू दिलं नाही. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर त्यांनी उभी हयात काढली. कुणाचा मीटर जळालेला, कुणाचं बिल फुगलेलं, कुणी दोन दिवस अंधारात बसलेला. सगळे तावातावाने येऊन त्यांच्या जाळीवर थडकायचे आणि सरकार त्यांना आवाज न चढवता पुढच्या खिडकीवर धाडायच्या. त्या खिडकीने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. आरडाओरडा करणाऱ्याला परतवणं सोपं असतं. पण जो काही न बोलता समोर उभाच राहतो, हलतच नाही, त्याचं काम झक मारत करावं लागतं.

खिडकीवर असा रुबाब असलेली ही बाई घरात मात्र वर्षानुवर्षं शेवटी जेवली. सासरे, दीर, मुलं, आलागेला, सगळ्यांचं उरकलं की पातेल्याच्या तळाशी असेल ते खरवडून घ्यायचं. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, “मला भूकच नाही.” हे वाक्य त्या इतक्या सराईतपणे टाकायच्या की कुणाला शंका आली नाही. आली असली तरी ती बोलून दाखवणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं. मग निवृत्तीच्या दिवशी त्या घरी आल्या, निरोपाचा पुष्पगुच्छ कपाटावर टाकला, जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, “आजपासून पहिलं ताट माझं. उरलंसुरलं आणि उष्टं खाल्लं तेवढं पुरे झालं.” मुलगा हसला. सून हसली नाही. ती उठली आणि तिने पहिलं ताट वाढलं. तेव्हापासून सासू-सुनेचं जे सूत जमलं ते जमलंच. मुलगा बिचारा त्या दोघींमध्ये अल्पमतात गेला.

सून विमानात एअर होस्टेस होती, तीही पुढच्या भागात, बिझनेस क्लासमध्ये. सध्या तिच्या बढतीचं घाटत होतं. बढती मिळाली तर त्या सगळ्या केबिनची इनचार्ज ती होणार होती. पण ते ठरणार होतं तिच्या वरच्या इनचार्जच्या शेऱ्यावर. या गृहस्थाला ती घरी ‘इस्त्रीसाहेब’ म्हणायची, कारण त्याच्या शर्टाला किंवा चेहऱ्याला कुठे सुरकुती म्हणून नसायची. बढतीची वाट बघण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. तिच्या मागून आलेल्या दोघी पुढे निघून गेल्या होत्या, आणि त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडलेली सून सरकारांनी भिंतीपलीकडून ऐकली होती. त्यामुळे ही बढती तिच्याइतकीच त्यांनाही हवी होती.

सरकारांना समुद्रापलीकडे लेकीकडे जायचं होतं. सुनेने आपल्या वाट्याचं स्टाफचं तिकीट काढलं आणि आदल्या दिवशी सासूला समोर बसवून शिकवणी घेतली.

“आई, नीट ऐका. स्टाफच्या माणसाला जागा उरली तर मिळते. कुठे मिळेल ते अगदी शेवटी कळतं, त्यामुळे जेवण आधी सांगून ठेवता येत नाही. नशिबाने बिझनेस क्लास मिळालाच, तर तिथे आधी कंपनीचं खास कार्ड असलेल्या नेहमीच्या प्रवाशांना, म्हणजे कार्डवाल्यांना विचारतात, मग तिकीट काढलेल्यांना, आणि मग आपल्याला.”

“म्हणजे शेवटी.”

“शेवटी. आणि काहीही झालं तरी तक्रार करायची नाही. स्टाफच्या नातेवाइकाची तक्रार स्टाफच्याच अंगावर येते. माझी तिकिटं बंद होतील आणि बढतीवर पाणी पडेल. मला शब्द द्या.”

“अगं, जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या मी. मला कशाला हौस असेल?”

“शब्द, आई.”

“दिला बाई, दिला.”

मग सुनेनेच वातावरण हलकं करायला सांगितलं, की या महिन्यात शाकाहारी जेवण फार छान आहे. पालक आणि चीज भरलेला पास्ता, वर भाजलेल्या टोमॅटोचा दाट रस, बाजूला कुरकुरीत बटाटा. सोबत म्हणे आधी सॅलड, नंतर गोड, मग फळं. कापडाचा रुमाल, खरी चिनी मातीची बशी. सीटसमोर पाय ठेवायला गुबगुबीत बाक असतो, त्याला पट्टाही असतो, म्हणजे कुणाला हौस असेल तर आपलं माणूस समोर बसवून जेवताही येतं. सरकारांच्या डोक्यात तो पास्ता जो शिरला तो बाहेरच निघेना. प्रवासाच्या दिवशी त्यांनी सकाळपासून फक्त चहा घेतला. एवढं साग्रसंगीत जेवायचं तर पोटात जागा नको?

आणि नशीब फळफळलं. बिझनेस क्लासमध्ये जागा मिळाली. शेवटची रांग का असेना, पण सीट अशी की तिच्यात बसायचं की राहायला जायचं असा प्रश्न पडावा. त्याच केबिनमध्ये सून कामावर होती. ठरल्याप्रमाणे दोघींनी ओळख दाखवली नाही. सुनेने “आपलं स्वागत आहे, मॅडम” म्हणत गरम रुमाल पुढे केला, आणि सरकारांनी “आभारी आहे” असं इतक्या गंभीरपणे म्हटलं की सुनेला हसू दाबत पडद्याआड पळावं लागलं.

विमान वर गेलं, पट्टे सुटले, जेवणाची वेळ झाली. सुनेने प्रत्येकापुढे टेबल उघडून त्यावर पांढरं कापड अंथरलं, काटे-चमचे मांडले. कुणाला काय हवं ते विचारायला मात्र इस्त्रीसाहेब स्वतः फिरत होते, कारण कार्डवाल्यांशी गोड बोलणं ही त्यांची खास जबाबदारी. सरकारांच्या शेजारी एक असेच कार्डवाले गृहस्थ होते. माणूस दिलदार दिसत होता, पोटही दिलदार होतं.

“आज जरा हलकंच घ्यावं म्हणतो,” ते म्हणाले. “शाकाहारी द्या. आणि ते मटणही द्या. चवीपुरतं.”

“अवश्य सर,” इस्त्रीसाहेब म्हणाले.

सरकार सावध झाल्या. त्यांनी पुढे कान लावला. कुणी वजन कमी करत होतं म्हणून शाकाहारी, कुणी पास्ता दिसायला छान म्हणून शाकाहारी, कुणाला मटण जड पडायचं. केबिनभर फिरून इस्त्रीसाहेब शेवटी सरकारांपाशी आले.

“मॅडम, आपल्याला मासे की मटण?”

“मी शाकाहारी आहे.”

“ओह.” चेहऱ्यावर तेवढीच एक सुरकुती पडली आणि मिटली. “शाकाहारी संपलं आहे. मागच्या केबिनमध्येही उरलेलं नाही.” मग ते किंचित वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, “आपण स्टाफच्या ना? मग आपल्याला कल्पना असेलच.”

“आहे ना, पूर्ण कल्पना आहे,” सरकार म्हणाल्या.

“तसं काही तरी करता येईल. मटणातले तुकडे काढून रस्सा देतो. बटाटे आहेत त्यात.”

सरकारांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की खिडकीत बसलेल्या असत्या तर जाळी आपोआप खाली आली असती. “दुधातून मांजर उचललं की ते दूध उष्टं राहत नाही, असं वाटतं का तुम्हाला?”

“मग ब्रेड देऊ? लोणी आहे. फळं आहेत.”

“फळं जेवणानंतर. आधी जेवण. मी थांबते.”

“मॅडम, थांबून उपयोग नाही. जेवण नाहीये.”

“तक्रार नाही हो माझी,” सरकार अगदी गोड आवाजात म्हणाल्या. “मी फक्त थांबते.”

इस्त्रीसाहेब गेले. सगळ्यांची ताटं आली. शेजारच्या गृहस्थांपुढे दोन आली. त्यांनी मटणाचा फडशा पाडला, पास्त्यातला एक चमचा तोंडात टाकला, “बरा आहे,” म्हणाले आणि बशी बाजूला सारली. पालकाचा हिरवा तुकडा टोमॅटोच्या रसात वाळत पडला. भाजलेल्या चीजचा वास सरकारांच्या नाकाशी येऊन बसला आणि त्यांना इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी ते पाणी काचेतून बाहेर बघत परतवलं. अन्नासाठी रडायचं त्यांनी फार पूर्वीच सोडलं होतं.

शेजाऱ्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी बशी इकडे सरकवली. “ताई, घ्या ना. मी एकच चमचा घेतलाय.”

“आपलं मन मोठं आहे,” सरकार म्हणाल्या, “पण उष्टं खायचं मी सोडलंय.”

आता त्या कंपनीत बिझनेस क्लासची एक रीत होती. सगळी केबिन म्हणजे एक पंगत. सगळ्यांची मुख्य ताटं उचलल्याशिवाय गोड वाढायचं नाही, आणि शेवटच्या टेबलावरचं कापड निघाल्याशिवाय दिवे मंद करायचे नाहीत. ही रीत सुनेनेच कधीतरी घरी कौतुकाने सांगितली होती. सरकार काही विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. पांढरं कापड, त्यावर न हललेले काटे-चमचे आणि मांडीवर घडी केलेले हात, अशा त्या ताठ बसून राहिल्या.

लोकांची जेवणं झाली. कुणी पाय ताणले, कुणी पांघरूण ओढलं. पुढून कुणीतरी विचारलं, गोड कधी येणार. दुसऱ्या कुणाला झोपायचं होतं. इस्त्रीसाहेब पुन्हा आले.

“मॅडम, टेबल उचलू?”

“जेवण झाल्यावर उचला.”

“पण जेवण नाहीच आहे.”

“म्हणून तर अजून झालं नाही.”

“आपण तक्रार करताय का?”

“छे! एक अक्षर नाही. तुम्हीच विचारता, मी उत्तर देते.”

शेजारचे गृहस्थ खुदकन हसले. इस्त्रीसाहेबांचे कान लाल झाले. ते पडद्याआड गेले, आणि थोड्याच वेळात सून बाहेर आली. बिझनेस क्लासमध्ये प्रवाशाशी बोलताना गुडघ्यावर बसायचं असतं. ती सरकारांच्या सीटपाशी गुडघ्यावर बसली. तिचा चेहरा उतरला होता.

“आई, काय चालवलंय हे?”

“तुला दिलेला शब्द पाळतेय. एक तरी तक्रार केली का विचार त्या इस्त्रीला.”

“हे तक्रारीच्या वरताण आहे! तिकीट कुणाच्या नावावर निघालंय ते त्यांनी यादीत पाहिलंय. म्हणाले, ‘तुमच्या सासूबाईंना आवरा, नाहीतर शेरा काय लिहायचा ते मला ठरवावं लागेल.’ आई, आजचा शेवटचा शेरा आहे. हा गेला की परत रांगेच्या शेवटी.”

सरकारांनी तिच्याकडे नीट पाहिलं. सुनेच्या ओठांवरची लिपस्टिक जागच्या जागी होती, पण खालचा ओठ थरथरत होता. भिंतीपलीकडून ऐकलेली ती रात्र त्यांना आठवली. आपलं ताट मोठं, की पोरीची वर्षं? याला उत्तर एकच होतं. त्यांनी मांडीवरचा रुमाल उचलला, त्याची घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

“उचल टेबल,” त्या म्हणाल्या. “सांग त्याला, म्हातारी झोपली.”

सून उठली. तिने टेबलाला हात लावला, मग घडी केलेल्या रुमालाकडे पाहिलं, आणि टेबल न उचलताच आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात झाकलेला ट्रे होता. तिने तो सरकारांपुढे ठेवला. वाफ आली. आत भात होता, मटार-गाजराची भाजी होती, एक पाव होता. साधंसुधं, पण गरम.

“हे कुठून आलं?”

“होतं एक.”

“आता होतं म्हणतेस, मघाशी तर नव्हतं.” सरकारांनी ट्रे निरखला. चिनी मातीची बशी नव्हती, प्लास्टिकचं खोलगट भांडं होतं. एअर होस्टेसना मिळतं ते. “हे तुझं जेवण आहे.”

“तुम्ही खा ना, आई.”

“आणि तू?”

“मला भूकच नाही,” सून म्हणाली.

सरकारांच्या हातातला चमचा तिथेच थांबला. हे वाक्य! हे त्यांचं वाक्य होतं. सुराची पट्टीही तीच, आणि बोलताना नजर बाजूला वळवायची लकबही तीच. पहाटे घरातून निघालेली, तेव्हापासून उभी असलेली, दोन्ही हातांनी दुनियेला वाढणारी ही पोर म्हणते, भूक नाही. पातेल्याच्या तळाचा तो खरवडण्याचा आवाज सरकारांच्या कानात घुमला.

“कुणी शिकवलं तुला हे बोलायला?” त्यांचा आवाज चढला. “मी नाही शिकवलं. मी नोकरीबरोबर हे वाक्यही निवृत्त केलं होतं. आमच्या घरात ते आता कुणी बोलायचं नाही.”

“आई, हळू...”

“बस.” त्यांनी समोरच्या गुबगुबीत बाकाकडे बोट दाखवलं. “तूच म्हणालीस ना, आपलं माणूस समोर बसवून जेवता येतं? हे एवढं दोघींत पुरतं. बस.”

“युनिफॉर्मवर? प्रवाशांसमोर? आई, नोकरी...”

“काय चाललंय इथे?” इस्त्रीसाहेब पडद्यातून आले. त्यांनी ट्रे पाहिला. “हे जेवण स्टाफचं आहे, प्रवाशाला देता येत नाही. आणि तुम्ही इथे रेंगाळू नका. परत न्या हे.”

म्हणजे सासूला जेवण नाही, आणि सुनेला बसायला जागा नाही. सरकार सीटवर सरसावून बसल्या. त्यांच्या जिभेवर आयुष्यभराची तक्रार येऊन उभी राहिली होती. दुसऱ्यांच्याच ऐकत आल्या होत्या, त्यांची स्वतःची एकदाही कुठल्या खिडकीवर गेली नव्हती. पण शब्द दिला होता. त्यांनी दात आवळले आणि सुनेकडे पाहिलं.

सून उभी राहिली होती. ट्रे उचलायला तिने हात पुढे केला, आणि मग तो हात मागे घेतला. तिने एक लांब श्वास सोडला. बरीच वर्षं आत धरून ठेवलेला असावा, इतका लांब.

“बोला, आई,” ती म्हणाली. “शब्दातून मोकळं केलं तुम्हाला. सगळं बोला.”

“तुझी बढती...”

“बोला म्हणते ना!”

मग सरकार बोलल्या. ओरडल्या नाहीत. जाळीपलीकडच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा जो खिडकीवरचा आवाज होता, तो त्यांनी लावला, आणि केबिनमधली पांघरुणं एकेक करून डोक्यावरून खाली आली.

“माझी तक्रार आहे. साधी आहे, लिहून घ्यायलासुद्धा लागणार नाही. या विमानात ज्याला काहीही चालतं त्याला आधी विचारतात, आणि ज्याला एकच चालतं त्याला शेवटी. हे उलटं करा. मासे खाणाऱ्याला मटण चालेल, मटण खाणाऱ्याला पास्ता चालेल. माझ्यासारखीने कुठे जायचं? आणि ही मुलगी सकाळपासून तुम्हा सगळ्यांना वाढतेय. तिचं ताट माझ्यापुढे आलंय, कारण माझं ताट कुणीतरी चवीपुरतं मागवलं. ती माझी सून आहे. मला तिची लाज वाटत नाही, तिला माझी वाटत नाही. तुम्हाला शेरा लिहायचाय ना? खुशाल लिहा. त्यात एवढंही लिहा, की सासू-सून दोघी उपाशी राहिल्या असत्या तर सगळं अगदी नियमात बसलं असतं.”

शेजारच्या गृहस्थांनी आपल्या वाळलेल्या पास्त्यावर हळूच रुमाल टाकला. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “बरोबर बोलल्या,” आणि मग आपण बोललो याचंच तिला नवल वाटल्यासारखी खाली वाकली.

“याचा रिपोर्ट जाईल,” इस्त्रीसाहेब सुनेला म्हणाले. आता त्यांच्या चेहऱ्यावर हव्या तेवढ्या सुरकुत्या होत्या. “तिकिटं बंद होतील. बढतीचं तर विसराच.”

“जाऊ दे रिपोर्ट, सर,” सून म्हणाली. तिने गळ्यातला कंपनीचा रुमाल सोडला, नीट घडी करून खिशात ठेवला, आणि ती समोरच्या बाकावर बसली. पट्टासुद्धा लावला. “माझी जेवणाची वेळ केव्हाच झालीय. मी जेवून येते.”

इस्त्रीसाहेब क्षणभर तिथेच उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळी केबिन त्यांच्याकडे बघतेय, आणि ते पडद्याआड गेले.

दोघी समोरासमोर बसल्या. मधे एक टेबल, एक ट्रे, दोन चमचे. सुनेने चमचा उचलला आणि परत खाली ठेवला.

“तिकिटं खरंच बंद होतील, आई.”

“होऊ देत. पुढच्या वेळी पैसे मोजून तिकीट काढीन आणि सगळ्यात आधी तक्रार करीन.”

“आणि बढती?”

सरकारांना यावर थाप मारता आली असती. त्यांनी मारली नाही. “गेली,” त्या म्हणाल्या. “आपण दोघींनी मिळून घालवली. रडायचं असेल तर घरी रड, पण माझ्यासमोर रड. भिंतीपलीकडे नाही.”

सुनेने चमकून वर पाहिलं. मग ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. तिने ट्रे सरकारांकडे सरकवला. “घ्या. पहिलं ताट तुमचं. घरचा नियम आहे.”

“ताट माझंच आहे,” सरकार म्हणाल्या. त्यांनी भात-भाजीचा चमचा भरला आणि टेबलावरून पलीकडे सुनेच्या तोंडासमोर धरला. “पण पहिला घास तुझा. उघड तोंड.”

सुनेने तोंड उघडलं.

पुढे कुणीतरी पुन्हा गोडाचं विचारलं. कुणीतरी दिव्यांचं विचारलं. पण शेवटचं टेबल अजून उठलं नव्हतं, आणि ते उठल्याशिवाय दिवे मंद करायचे नाहीत अशी कंपनीची रीत होती. सरकार एकेक घास सावकाश चावत होत्या. त्यांना मुळीच घाई नव्हती.